नेहमीची हाणामारी

साकीनाक्याहून चांदिवली हाकेच्या अंतरावर. तिथल्या स्टुडिओत हिंदी सिनेमांच्या शेवटच्या रिळांतल्या मारामाऱ्या व्हायच्या आणि आम्ही शाळा बुडवून कुंपणापाशी उभे राहायचो. एकदा एक फायटर उंच मचाणावरून पडताना पाहिला. खाली रिकाम्या खोक्यांचे थर, वर गाद्या, त्यावर ताडपत्री. तो तीनदा पडला आणि दरवेळी चेपलेली खोकी काढून नवी लावली गेली. पुढे तोच सिनेमा पाहिला, तर ते पडणं पापणी लवायच्या आत संपलं. परीक्षणात सगळ्या मारामाऱ्या दोन शब्दांत उरकल्या होत्या: नेहमीची हाणामारी.

हे दोन शब्द फार जुने आहेत. 1914 साली अमेरिकेत ‘द पेरिल्स ऑफ पॉलिन’ आला. त्यातली पर्ल व्हाइट दर भागात मरणाच्या दारातून परत यायची. असल्या मालिकापटांनी मुंबईतल्या पिटातल्या प्रेक्षकाला वेड लावलं. मग डग्लस फेअरबँक्स आला, आणि त्याचा ‘द थीफ ऑफ बगदाद’ इथे इतका चालला, की सिनेमाची चौकशी करणाऱ्या 1927-28 च्या रंगाचारियर समितीलाही त्याची दखल घ्यावी लागली. शिकलेला वर्ग मात्र नाक मुरडत राहिला.

कोल्हापूरच्या चित्रसृष्टीतून आलेल्या मास्टर विठ्ठलला लोक ‘भारताचा डग्लस’ म्हणत. शारदा फिल्म कंपनी सोडून तो ‘आलम आरा’साठी इंपीरियलकडे गेला तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं आणि त्याच्या बाजूने बॅरिस्टर जिना उभे राहिले. समीक्षक उभा राहिल्याचं ऐकिवात नाही.

त्या काळातलं जवळजवळ सगळं जळलं, कुजलं, हरवलं. पुण्याच्या संग्रहालयात टिकलेल्या थोड्या मूकपटांत ‘दिलेर जिगर’ आहे. 1931 सालचा, पुण्याच्या अगरवाल फिल्म कंपनीचा, दिग्दर्शक जी. पी. पवार. गोष्ट ठरीव: दुष्ट काका, लहानपणीच नाहीसा झालेला राजपुत्र. पण त्यात कसरतीचे खेळ करणारी, तोंडावर मुखवटा चढवून लढणारी एक मुलगी आहे, आणि ती आहे आपल्या येवल्याची ललिता पवार! नादियाच्या ‘हंटरवाली’च्या चार वर्षं आधी. आपल्या आठवणीत मात्र त्या सुनेला छळणारी सासू म्हणूनच राहिल्या. 1942 च्या सुमारास एका चित्रीकरणात भगवानदादांची थप्पड जोरात बसली, चेहऱ्याला इजा झाली, डोळा अधू झाला आणि नायिकेच्या भूमिका संपल्या. भगवानदादाही याच आळीतले. कामगारवस्तीत चालणारे कितीतरी स्टंटपट त्यांनी काढले, पण नाव राहिलं ते ‘अलबेला’तल्या नाचाचं.

1936 साल पाहा. वाडिया बंधूंच्या ‘मिस फ्रंटियर मेल’मध्ये नादिया धावत्या आगगाडीच्या टपावर गुंडांना लोळवत होती. त्याच साली प्रभातचा ‘अमरज्योती’ आला. त्यात दुर्गा खोटे समुद्री चाच्यांची म्होरकी. दोघीही अन्यायाविरुद्ध हत्यार उचलणाऱ्या. एकीला कलाकृतीचा मान मिळाला, चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवाला गेला. दुसरी ‘स्टंटवाली’ ठरली. प्रभातची कारागिरी सरस होती, हे मान्यच. नादियाचं हिंदी ऐकवत नाही, वाडियांचे विनोदी प्रसंग आज ताणलेले वाटतात, गोष्टही पुष्कळदा दोन मारामाऱ्यांमधली जागा भरण्यापुरती. पण त्या टपावर ती स्वतः चढली होती. अभिनय म्हणजे फक्त गळा आणि डोळे, असं आपल्याकडे नाटकामुळे ठरून गेलेलं. पाय, खांदे, तोल यांना गुण द्यायची सोयच नव्हती.

1993 साली रियाद वाडिया यांचा नादियावरचा माहितीपट आला आणि वारं फिरलं. आता तिच्यावर प्रबंध होतात. त्यात स्त्रीमुक्ती असते, वसाहतवाद असतो, गोरी कातडी असते. हे सगळं खरंच. तरी मला जरा हसू येतं. आधी अर्थ नाही म्हणून मोडीत काढलं, आता अर्थ सापडला म्हणून डोक्यावर घेतलं. उडी कशी होती, कॅमेरा किती लांब होता, तुकडा कुठे कापला, हे अजूनही कुणी सहसा लिहीत नाही. आणि आता तर उडीच संगणकावर होते.

चांदिवलीतल्या त्या फायटरचा तिसरा टेक ओके झाला. टाळ्या पडल्या, त्या हिरोसाठी. तो आत्ताच येऊन खुर्चीत बसला होता. फायटर खोक्यांतून बाहेर आला, आधी कोपर चाचपलं, मग चप्पल शोधायला लागला.