स्वच्छ कारभार, पण कुणासाठी?

वुड्रो विल्सन यांचा ‘द स्टडी ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ हा १८८७ सालचा निबंध लोकप्रशासनाच्या विद्यार्थ्यांना आजही पायाभूत म्हणून शिकवला जातो. कार्यक्षमता, तज्ज्ञता, सार्वजनिक पदाचे पावित्र्य ही सुधारणावादी प्रस्थापितांची सारी आवडती मूल्ये त्यात आहेत. म्हणूनच शोषितांच्या बाजूने त्याची तपासणी व्हायला हवी.

पक्षाच्या वशिल्याने सरकारी नोकऱ्या वाटण्याची रीत अमेरिकेत बोकाळली होती. १८८३ च्या पेंडल्टन कायद्याने तिला स्पर्धा परीक्षेचा लगाम घातला. विल्सन यांनी त्यापुढचा विचार मांडला: ध्येये राजकारणाने ठरवावीत, प्रशासनाने राजकारणापासून अलिप्त राहून ती चोख अमलात आणावीत. राजेशाही देशांकडूनही कार्यपद्धती शिकायला हरकत नाही, हे सांगताना ते एक दाखला देतात. खुनी माणूस सुरीला उत्तम धार लावीत असेल, तर त्याचे कसब घ्यावे, हेतू घेऊ नये.

दाखला चतुर आहे. पण ही सुरी कुणाच्या हाती जाणार आणि कुणाच्या मानेवर फिरणार? निबंध हा प्रश्न विचारत नाही. त्याचे उत्तर २६ वर्षांनी मिळाले.

१९१३ साली विल्सन राष्ट्राध्यक्ष झाले. फेडरल रिझर्व्हची स्थापना, मक्तेदारीविरुद्धचा कायदा या सुधारणा त्यांच्याच काळातल्या. त्याच १९१३ साली अर्थ आणि टपाल खात्यांत कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांच्या बसण्याच्या, जेवणाच्या, शौचालयाच्या जागा वेगळ्या केल्या जाऊ लागल्या. यांतले कितीतरी जण परीक्षा देऊन, गुणवत्तेवर आलेले होते! १९१४ पासून नोकरीच्या अर्जासोबत छायाचित्र सक्तीचे झाले. गुणवत्ता यादीतल्या वरच्या मोजक्या उमेदवारांतून एकाची निवड करण्याचा अधिकार अधिकाऱ्याला होताच. आता रंग पाहण्याचीही सोय झाली. यात लाच नव्हती, वशिला नव्हता. होता तो फक्त नियम.

नोव्हेंबर १९१४ मध्ये विल्यम मन्रो ट्रॉटर शिष्टमंडळ घेऊन जाब विचारायला गेले. हे विभक्तीकरण म्हणजे अपमान नव्हे, संघर्ष टाळण्याचा उपाय आहे, असे विल्सन यांनी त्यांना ऐकवले आणि ट्रॉटर यांच्या बोलण्याचा सूरच आक्षेपार्ह ठरवला. अन्याय बाजूला ठेवून अन्याय सांगणाऱ्याच्या आवाजावर बोट ठेवायचे, ही रीत आपल्याही परिचयाची आहे.

विल्सन यांचा निबंध ज्या त्रैमासिकात छापला गेला, ते कोलंबियाच्या राज्यशास्त्र विद्याशाखेचे. याच कोलंबियात १९१३ साली भीमराव आंबेडकर शिकायला गेले. उच्च पदव्यांचा अभ्यास करून ते १९१७ मध्ये बडोद्याच्या सेवेत रुजू झाले, तेव्हा कचेरीतले शिपाई त्यांच्याकडे फायली लांबून फेकत. संस्थानिक सुधारक होता. कचेरी मात्र जातीचीच होती.

भ्रष्ट कारभार दलिताला सर्वांत आधी लुटतो, म्हणून स्वच्छ कारभार आपल्यालाही हवाच आहे. परंतु विषमता प्रामाणिकपणे राबवता येते, वेळेवर आणि बिनचूक राबवता येते, हा विल्सन यांच्या राजवटीचा धडा आहे. राज्यकर्त्याचे चारित्र्य ही त्यावरची हमी नव्हे. समतेचा लिखित हक्क आणि निर्णय घेणाऱ्या खुर्चीत आपला वाटा, या दोन्ही गोष्टी हव्यात. संविधानाच्या कलम १६ मध्ये समान संधी आणि प्रतिनिधित्व एकत्र आले, त्याचा अर्थ हाच आहे. जे प्रतिनिधित्वालाच गुणवत्तेचा शत्रू ठरवतात, त्यांनी १९१४ सालचे ते छायाचित्र कशासाठी मागितले गेले, याचे उत्तर द्यावे.