निळ्याचा हट्ट

हॉटेलच्या खोलीचं दार उघडलं की माणूस सरळ खिडकी गाठतो. ‘सी व्ह्यू’चे जादा पैसे मोजलेले असले तर जरा जास्तच लगबगीनं. इटलीतल्या सोरेंतोच्या ‘पार्को देई प्रिन्चिपी’मध्ये मात्र नजर उंबऱ्यातच खाली वळते. पायाखालची जमीन निळी-पांढरी आहे, आणि तिच्यावरची नक्षी आत्ताच उघड्या दारातून ओझरत्या पाहिलेल्या शेजारच्या खोलीतल्या नक्षीपेक्षा वेगळी आहे. ती न्याहाळण्यात खिडकीशी पोचायला उशीर होतो. नेपल्सचं आखात आणि पलीकडचा व्हेसुव्हिअस वाट बघत असताना पाहुण्याला आधी फरशी बघायला लावणं, हा आगाऊपणा जिओ पोंतीनंच करावा.

पोंती (१८९१–१९७९) मिलानचा. शिक्षण वास्तुरचनेचं, पण हात बसला तो आधी चिनीमातीवर. तिशीत तो रिशार्-जिनोरी या नामांकित कारखान्यात बशा-फुलदाण्यांवरची चित्रं ठरवत होता. १९२८ मध्ये त्यानं ‘दोमुस’ हे वास्तुकला आणि गृहसजावटीचं मासिक काढलं. पुढे मिलानमधली पिरेल्ली कंपनीची उंच, सडपातळ इमारत उभारली आणि १९५७ मध्ये कासिना कंपनीसाठी ‘सुपरलेज्जेरा’ ही खुर्ची केली. तिचं वजन जेमतेम १.७ किलो, एका बोटानं उचलता येते. बशी, मासिक, मनोरा आणि खुर्ची एकाच डोक्यातून निघाल्यावर त्या माणसाला दाराची मूठ आणि इमारतीचं छत ही दोन वेगळी कामं वाटत नाहीत. हॉटेल हा प्रकार अशा माणसाला सोयीचा, कारण तिथे पाहुणा रात्रंदिवस त्याच्या ताब्यात असतो.

समुद्राकाठच्या हॉटेलाचा विचार त्याच्या डोक्यात जुनाच होता. १९३८ मध्ये बर्नार्ड रुडोफ्स्की या वास्तुरचनाकाराबरोबर त्यानं काप्री बेटासाठी एक आराखडा केला होता. त्यात एक अखंड इमारत नव्हती; झाडीत विखुरलेल्या सुट्या खोल्या होत्या आणि प्रत्येकीचा तोंडवळा निराळा. ते हॉटेल कागदावरच राहिलं. पुढे रोबेर्तो फेर्नांदेस या नेपल्सच्या अभियंत्यानं सोरेंतोचं काम पोंतीवर सोपवलं आणि १९६२ मध्ये हे हॉटेल उघडलं. इथे खोल्या विखुरणं शक्य नव्हतं, कारण जागा कड्याच्या टोकावरची. एका रशियन सरदारानं आपल्या बागेत गॉथिक धाटणीचा वाडा बांधायला घेऊन अर्धवट सोडला होता, ती ही जागा. तेव्हा एकाच इमारतीत शंभर खोल्या, आणि तरीही प्रत्येक खोली स्वतंत्र, असा पेच पोंतीपुढे होता. तो त्यानं जमिनीवर सोडवला.

पण त्याआधी रंगाविषयी बोलायला हवं, कारण इथे बाकी सगळं त्यातून निघालं आहे. नियम असा: निळा आणि पांढरा, तिसरा नाही. भिंती-छत पांढरं, लाद्या, पडदे, आसनं निळी, गडद किंवा फिकी. समुद्राशेजारी निळं रंगवणं ही काही मोठी कल्पना नव्हे. किनाऱ्यावरची निम्मी उपाहारगृहं तेच करतात. पोंतीचं शहाणपण त्या जागेच्या दिशेत दडलं आहे. सोरेंतोचं तोंड उत्तरेकडे आहे. आपला कोकणातला समुद्र पश्चिमेला, त्यामुळे दुपार कलली की ऊन समोरून येतं, पाणी नुसतं चकाकत राहतं आणि डोळे बारीक करून बघावं लागतं. सोरेंतोच्या सज्जात उभं राहिलं की दिवसाचा बराच काळ सूर्य पाठीशी असतो. उजेड आपल्या खांद्यावरून पुढे जाऊन पाण्यावर पडतो आणि पाणी चकाकत नाही, रंग दाखवतं. सकाळचा दुधी निळा, अकराच्या सुमाराचा गडद, ढगाची सावली सरकली की शाईचा. बाहेर निळ्याच्या इतक्या छटा बदलत असताना आत लाल गालिचा किंवा पिवळा दिवा ठेवला असता तर डोळा त्याच्याकडे गेला असता. आतला निळा स्थिर ठेवल्यामुळे बाहेरच्या निळ्याची हालचाल कळते. भूपात मध्यम-निषाद वर्ज्य असतात म्हणून उरलेले पाच स्वर उणे वाटत नाहीत, उलट प्रत्येकाला ऐसपैस जागा मिळते. इथे रंगांचं तसं झालं आहे.

या वर्ज्यात आणखी एक गोष्ट मोडते, ती म्हणजे ‘स्थानिक रंगत’. सोरेंतोत हॉटेल म्हटल्यावर कमानी, कौलं, भाजक्या मातीच्या कुंड्या आणि लाकडावरची प्रसिद्ध सोरेंतिनी जडावाची कलाकुसर हे सगळं हाताशी होतं. पोंतीनं त्यातलं काही उसनं घेतलं नाही. त्या प्रदेशाचं त्यानं एकच काय ते घेतलं: चकाकती रंगीत लादी. दक्षिण इटलीत ती शतकानुशतकं घरांच्या जमिनींवर, चर्चच्या घुमटांवर बसत आली आहे. तीही त्यानं जुन्या नक्षीसकट उचलली नाही. सालेर्नोच्या द’अगोस्तिनो कारखान्याकडून लाद्या करून घेतल्या, पण नक्ष्या सगळ्या स्वतःच्या.

या नक्ष्या जवळून बघण्यासारख्या आहेत. लादी वीस बाय वीस सेंटिमीटरची. नक्ष्या एकूण तीस. एकीवर चौकोन कर्णावर दुभंगून अर्धा निळा, अर्धा पांढरा. एकीवर लांबट पान. एकीवर चंद्रकोरी आणि चांदण्या. कुठे एकात एक वर्तुळं. गंमत सुट्या लादीत नाही, ती मांडणीत आहे. कर्णावर दुभंगलेली एकच लादी घ्या. चार लाद्यांचे निळे कोपरे एकत्र आणले की मधोमध निळा चौकोन उभा राहतो. त्याच चार लाद्या पाव-पाव वळणानं फिरवल्या की भिरभिरं तयार होतं. ओळीत एकाआड एक उलट्या लावल्या की लाट धावू लागते. कारखान्यातून आलेला माल तोच, गवंड्यानं मनगट कसं वळवलं त्यावर जमिनीचा स्वभाव ठरतो. पोंतीचा हिशेब असाच होता: तीस नक्ष्या, प्रत्येकीच्या दोन, तीन किंवा चार मांडण्या, आणि त्यातून शंभर खोल्यांना शंभर जमिनी.

कशाला, असं कोणीही विचारेल. पाहुणा एकाच खोलीत उतरतो; बाकीच्या नव्याण्णव जमिनी त्याला दिसणारही नाहीत. हा प्रश्न पोंतीनं स्वतःच लिहून ठेवला आहे आणि त्याचं उत्तर मला फार आवडतं. त्याचा आशय असा: वीस बाय वीसचा कोरा चौकोन कोणाच्याही हाती द्या; शतकानुशतकं लोकांनी त्यावर अगणित नक्ष्या काढल्या असल्या तरी तुमच्या एका नव्या नक्षीला त्यात जागा असतेच; शेवटची नक्षी अशी कधी नसते. म्हणजे ही विविधता पाहुण्याच्या सोयीसाठी नाही, पोंतीच्या स्वतःच्या आनंदासाठी आहे आणि पाहुण्याला ती प्रसादासारखी मिळते. ज्या हॉटेलात रंगाची इतकी कंजुषी आहे, तिथे ही एवढी उधळण फक्त पायाखाली आहे. चैन म्हणायची तर ती ही.

अनवाणी चालून बघावं. लादीवरची झिलई काचेइतकी सपाट नाही, आणि सांधे लपवलेले नाहीत. दर वीस सेंटिमीटरला तळव्याला बारीकशी रेघ लागते. आजकाल घराघरांत बसणाऱ्या दोन बाय दोनच्या व्हिट्रिफाइड टाइल्सचा सगळा आटापिटा सांधा दिसू नये यासाठी असतो. इथे सांधा हाच नक्षीचा कणा आहे. तो मिटला तर वळवण्याचा खेळच संपला. मुंबईच्या जुन्या इमारतींत वाढलेल्यांना हे सुख परकं नाही. १९२२ मध्ये सुरू झालेल्या भारत टाइल्ससारख्या कारखान्यांच्या नक्षीदार सिमेंटच्या लाद्या किती घरांत होत्या! लहानपणी त्यांच्या चौकोनांत एका पायावर उड्या मारलेल्या माणसाला पोंती समजावून सांगावा लागत नाही. पुनर्विकासात त्या लाद्या फुटून डेब्रिसच्या ट्रकमध्ये गेल्या, तेव्हा त्यांच्याबद्दल हळहळ वाटायची सवयही आपल्याला उशिरानं लागली.

खोलीबाहेरच्या जागांत पोंती जरा मोकळा सुटतो. स्वागतकक्षातल्या भिंतींत निळे-पांढरे चकाकते गोटे बसवले आहेत, नदीतल्या गुळगुळीत दगडांच्या आकाराचे पण चिनीमातीचे. शिल्पकार फाउस्तो मेलोत्तीच्या चिनीमातीच्या पट्ट्याही आहेत. लाद्यांच्या चौकोनी शिस्तीतून आलेल्या डोळ्याला हे वेडेवाकडे गोल बरे वाटतात. बागेतला पोहण्याचा तलावही असाच बेशिस्त आकाराचा, आणि त्याची उडी मारायची फळी एखाद्या शिल्पासारखी. पण खरं पोहणं खाली, समुद्रात. सोरेंतोला वाळूचा किनारा नसल्यातच जमा. सुमारे ३९ हजार वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या प्रचंड उद्रेकातली राख घट्ट होऊन बनलेल्या करड्या टफ खडकाचा कडा थेट पाण्यात उतरतो. म्हणून लिफ्ट खडकाच्या पोटातून खाली नेते आणि पाण्यावरच्या फलाटावर सोडते. वरच्या काटेकोर निळ्या-पांढऱ्यातून मध्येच त्या राखेच्या करड्या पोटात शिरणं ही रचनेतली सर्वांत नाट्यमय जागा, आणि तिथे पोंतीला काहीच करावं लागलेलं नाही.

या हट्टाची किंमतही आहे. सगळी योजना उन्हावर बेतलेली आहे. आभाळ भरून आलं की निळा-पांढरा थंड पडतो. उबदार लाकूड, जाड गालिचा, सोनेरी दिवे म्हणजेच आराम, अशी ज्यांची समजूत आहे त्यांना हे हॉटेल कोरडं वाटेल. त्यांचं चूक नाही. पोंतीनं त्यांच्यासाठी ते बांधलेलं नाही. न्याहारीच्या टेबलावर सोरेंतोचं जाड सालीचं पिवळंधमक लिंबू आलं की मात्र त्या पिवळ्याला इथे जेवढा मान मिळतो, तेवढा रंगीबेरंगी दालनात मिळाला नसता, हेही कोणालाही कबूल करावं लागेल.

‘रेट्रो’ म्हणून आज या हॉटेलाची छायाचित्रं फिरतात, पण तो शब्द इथे नीट बसत नाही. जुन्या बाजारातून साठच्या दशकातल्या खुर्च्या आणून, नव्या भिंतीवर जुने पोपडे रंगवून केलेला तो रेट्रो. इथे सगळं १९६२ मध्ये कोरं करकरीत होतं, त्या काळाच्याही थोडं पुढचं होतं, आणि पुढच्या डागडुजीत ते टाकून दिलं गेलं नाही, इतकंच. पोंतीच्या लाद्या तर सालेर्नो प्रांतात आज पुन्हा बनतात. ज्याचं उत्पादन चालू आहे त्याला गतकाळ कसं म्हणणार?

कोकणात, गोव्यात टेकडीवरून समुद्र दिसणारी हॉटेलं भराभर उठताहेत आणि त्यांतली बरीच ‘हेरिटेज’ म्हणवून घेताहेत. त्यांनी सोरेंतोहून निळा रंग आणला तर फसतील. जांभ्या दगडावर आणि पश्चिमेच्या तिरप्या उन्हात तो केविलवाणा दिसेल. आणण्याजोगे आहेत ते पोंतीचे प्रश्न. आपल्या समुद्राचं तोंड कुठे, उजेड किती वाजता कुठून येतो, इथल्या कारागिराच्या हातात अजून काय शिल्लक आहे, आणि यजमानाला आवडत असलं तरी कशाकशाला नाही म्हणायचं? पहिल्या तिन्हींची उत्तरं कोणताही जाणकार देईल. चौथ्यासाठी पोंतीसारखा हट्टी रचनाकार लागतो आणि त्याचा हट्ट पुरवणारा फेर्नांदेससारखा मालकही.