स्वयंनिर्मित ॲक्सेसर मेथड्समधील नामसंघर्ष : एक चिकित्सा

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंगमध्ये क्लासमधील फील्ड उघडे न ठेवता ते वाचण्यासाठी व बदलण्यासाठी स्वतंत्र ॲक्सेसर मेथड देण्याचा प्रघात आहे. जावामध्ये १९९७ च्या जावाबीन्स संकेतांनी या मेथड्सच्या नावांना ‘गेट’, ‘सेट’ आणि बुलियन फील्डसाठी ‘इज’ हे उपसर्ग ठरवून दिले. नावे नियमाने सिद्ध होत असल्याने त्या लिहिण्याचे काम पुढे यंत्राकडे गेले. मात्र दोन भिन्न फील्डपासून एकच नाव निष्पन्न होऊ शकते, याचा विचार सर्व साधनांनी सारख्याच गांभीर्याने केलेला दिसत नाही. संधिनियमांचेही असेच आहे. ‘हिमालय’ आणि ‘विद्यालय’ या दोहोंत संधीच्या जागी ‘आ’ येतो. मूळ स्वर ऱ्हस्व होता की दीर्घ, हे त्या ‘आ’वरून कळत नाही. वाचक अर्थाच्या आधारे विग्रह करतो. कंपायलरला ती सोय नाही.

लोम्बोक या जावा लायब्ररीचे उदाहरण बोलके आहे. ‘ॲक्टिव्ह’ आणि ‘इजॲक्टिव्ह’ अशी दोन बुलियन फील्ड एकाच क्लासमध्ये असल्यास दोहोंच्या वाचनासाठी ‘इजॲक्टिव्ह’ हेच मेथडचे नाव ठरते. क्लासवर ‘डेटा’ हे ॲनोटेशन असेल, तर त्याच नावाची व तितक्याच पॅरामीटर्सची मेथड आधीच असताना लोम्बोक नवी मेथड निर्माण करत नाही आणि इशाराही देत नाही. प्रोग्राम निर्वेध चालतो. वाचले जाते ते मात्र भलत्याच फील्डचे मूल्य. हे मौन सर्वांत घातक होय.

गूगलने २००८ मध्ये खुल्या केलेल्या प्रोटोकॉल बफर्सचा जावा जनरेटर अधिक सावध आहे, तरी निर्दोष नाही. तेथे ‘टॅग’ हे अनेक मूल्ये धारण करणारे फील्ड असल्यास त्या मूल्यांची संख्या देणारी ‘गेटटॅगकाउंट’ मेथड आपोआप मिळते. कालांतराने कोणी ‘टॅग_काउंट’ नावाचे साधे फील्ड जोडले, की त्याचीही मेथड नेमकी त्याच नावाची होते. जनरेटर ही टक्कर ओळखतो आणि दोन्ही फील्डच्या नावांना त्यांचे क्रमांक जोडतो. टॅगचा क्रमांक १ असेल, तर कालपर्यंतची ‘गेटटॅग’ आता ‘गेटटॅग१’ होते. पाठवलेल्या वा साठवलेल्या माहितीला यामुळे बाध येत नाही, कारण तेथे फील्डची ओळख नावाने नव्हे तर क्रमांकाने पटते. परंतु जुन्या नावावर विसंबलेला प्रोग्राम नव्याने निर्माण केलेल्या क्लाससह कंपाइल होईनासा होतो. नव्या फील्डची भर ही या व्यवस्थेत एरवी निर्धोक मानली जाते. येथे तीच मोडतोड घडवते. क्रमांक केवळ नवागताला चिकटवला असता तर हे टळले असते. अर्थात जनरेटरपुढे फक्त सद्यःस्थितीतील व्याख्या असते. जुने कोणते आणि नवे कोणते, हे त्याला ठाऊक नसते.

या तुलनेत कोटलिनची भूमिका कठोर, पण अधिक जबाबदार म्हणावी लागेल. ‘नेम’ ही प्रॉपर्टी आणि ‘गेटनेम’ हे पॅरामीटर नसलेले फंक्शन एकाच क्लासमध्ये आल्यास जेव्हीएमसाठी कंपाइल करताना ती त्रुटी ठरते व निर्णय प्रोग्रामरवर सोपवला जातो. २०२१ मध्ये जावा १६ सोबत स्थिरावलेल्या रेकॉर्ड्सनी तर ‘गेट’ हा उपसर्गच सोडला. तरीही रेकॉर्डच्या घटकाला ‘हॅशकोड’ किंवा ‘टूस्ट्रिंग’ असे नाव देण्यास भाषेची मनाई आहे. ती नावे प्रत्येक ऑब्जेक्टच्या जन्मजात मेथड्सनी आधीच व्यापलेली आहेत.