द्वित्वदर्शक इंग्रजी शब्द आणि मराठीतील नकार : व्याकरण-अध्यापनाची एक चिकित्सा

दोन व्यक्ती किंवा दोन वस्तू यांचा निर्देश करणारे 'बोथ', 'आयदर' आणि 'नायदर' हे इंग्रजी शब्द वरकरणी सोपे वाटतात. तथापि मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांच्या इंग्रजी लेखनात त्यांच्या वापरातील चुका वारंवार आढळतात. या चुकांचे मूळ निष्काळजीपणात नसून दोन भाषांच्या रचनाभेदात आहे आणि रूढ अध्यापन नेमके त्या भेदाकडेच दुर्लक्ष करते, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

संस्कृतप्रमाणे प्राचीन इंग्रजीतही द्विवचनाचे अवशेष होते. 'आम्ही दोघे' यासाठी 'वित्' आणि 'तुम्ही दोघे' यासाठी 'यित्' ही सर्वनामे तीत वापरली जात. तेराव्या शतकाच्या अखेरीस ती लोप पावली. मराठीतही द्विवचन उरले नाही. मात्र दोन्ही भाषांनी ही उणीव भिन्न रीतींनी भरून काढली. मराठीने 'दोघे', 'दोघी', 'दोन्ही' असा लिंगाचा व वस्तूचा भेद जपला. इंग्रजीने या सर्वांसाठी 'बोथ' हा एकच शब्द ठेवला. परंतु समावेश, विकल्प आणि नकार यांसाठी तीन स्वतंत्र शब्द राखले.

'नायदर'ला मराठीत एकशब्दी पर्याय नाही. मराठीत नकार क्रियापदाकडे जातो : 'दोघेही आले नाहीत.' विद्यार्थी याच रचनेवरून 'बोथ डिड नॉट कम' असे वाक्य तयार करतो. त्याला अभिप्रेत असते, कोणीच आले नाही. इंग्रजी वाचकाला मात्र 'दोघे आले नाहीत, एकच आला' असाही अर्थ जाणवू शकतो. 'दोन्ही उमेदवार पात्र नाहीत' हा निर्णय कार्यालयीन पत्रात अशाच रीतीने उतरला, तर एक उमेदवार पात्र ठरल्याचा समज होऊ शकतो. येथे चूक शैलीची राहत नाही. ती अर्थाची होते.

'आयदर'चीही अशीच अडचण आहे. त्याचा 'दोहोंपैकी कोणताही एक' हा अर्थ पाठ केलेला विद्यार्थी रस्त्याच्या 'आयदर साइड'ला झाडे आहेत, हे वाक्य वाचून एकाच बाजूला झाडे असल्याचे समजतो. वस्तुतः तेथे दोन्ही बाजू अभिप्रेत असतात.

वर्गात मात्र भर दिला जातो तो वेगळ्याच नियमावर : दोघांसाठी 'ईच अदर', अधिकांसाठी 'वन अनदर'. हा भेद व्यवहारात उपयुक्त नाही आणि त्याला ऐतिहासिक आधारही नाही, असे फाउलर यांनी १९२६ च्या 'अ डिक्शनरी ऑफ मॉडर्न इंग्लिश युसेज' या कोशातच नोंदविले होते. 'नायदर'नंतर एकवचनी क्रियापदाचा आग्रहही निरपवाद नाही. अनौपचारिक इंग्रजीत अनेकवचन येते, याची दखल क्वर्क व सहकाऱ्यांच्या १९८५ च्या व्याकरणाने घेतली आहे. ज्या नियमांनी अर्थ बदलत नाही त्यांवर गुण दिले जातात आणि ज्या रचनेने अर्थ उलटतो ती दुर्लक्षित राहते, ही विसंगती चिंताजनक आहे.

सारांश, हे शब्द सुटे न शिकविता मराठी वाक्यांच्या तुलनेतून शिकविणे आवश्यक आहे. 'दोघेही आले', 'दोघांपैकी एकच आला', 'दोघांपैकी कोणीही आले नाही' ही तीन वाक्ये शेजारी ठेवून त्यांची इंग्रजी रूपे करवून घेतली, तर नकाराचे स्थान विद्यार्थ्यास आपोआप उमगेल. मातृभाषेची रचना हा येथे अडसर ठरत नाही. चूक कोठे होणार, हे तीच आधी दाखवून देते.