रंगाचं रसायन आणि गिरणीतलं स्टूल

थॉमस इन्सेल यांचं ‘हीलिंग’ हे पुस्तक मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा नोकरीसाठी, दुसऱ्यांदा मामासाठी. दोन्ही वेळा ते वेगळं वाटलं. त्या फरकाबद्दल लिहायचंय.

आधी लेखकाची ओळख. इन्सेल मनोविकारतज्ज्ञ आणि मेंदूसंशोधक आहेत. २००२ ते २०१५ ही तेरा वर्षं ते अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेचे संचालक होते. मानसिक आजारांवर कुठल्या संशोधनाला पैसा द्यायचा, हे जिथे ठरतं अशी ती खुर्ची. २०२२ साली त्यांनी हे पुस्तक लिहिलं आणि सुरुवातीलाच एक प्रसंग सांगितला. ते एका सभेत मेंदूची चित्रं, जनुकं, नवे शोध अशा स्लाइड्स दाखवत होते. श्रोत्यांमधला एक बाप उठला. त्याच्या तरुण मुलाला स्किझोफ्रेनिया होता. मुलगा अनेकदा हॉस्पिटलात जाऊन आलेला आणि आता बेघर. बाप चिडून जे म्हणाला त्याचा मथितार्थ असा, की आमच्या घराला आग लागलीय आणि तुम्ही भिंतीच्या रंगाचं रसायन सांगत बसलायत.

इन्सेलना हे लागलं. पदावरून उतरल्यावर त्यांनी जाहीरपणे कबूल केलं, की आपल्या काळात सुमारे २० अब्ज डॉलर खर्च झाले, उत्तम पेपर निघाले, पण आत्महत्या किंवा हॉस्पिटलच्या वाऱ्या कमी झाल्या नाहीत. एवढ्या वरच्या माणसाने एवढं सरळ बोलणं दुर्मीळच. पुस्तक या कबुलीवर उभं आहे. म्हणूनच ती कबुली पूर्ण आहे का, हे तपासायला हवं.

पहिल्या वाचनाच्या वेळी मी एका स्टार्टअपमध्ये होतो. आमचं अ‍ॅप लोकांचा मूड मोजायचं. तुम्ही फोनवर किती वेगाने टाइप करता, किती वेळा खोडता, रात्री किती वाजता स्क्रीन लावता, यावरून एक स्कोअर काढायचा, हे माझ्या टीमचं काम. मॅनेजरने सगळ्यांना ‘हीलिंग’ वाचायला सांगितलं, कारण इन्सेल आमच्याच वाटेवरून गेले होते. संस्था सोडल्यावर ते गूगलच्या आरोग्य कंपनीत गेले आणि २०१७ मध्ये ‘माइंडस्ट्राँग’ नावाच्या कंपनीचे सहसंस्थापक झाले. फोन वापरण्याच्या पद्धतीवरून मनाची अवस्था ओळखायची, ही तिची मूळ कल्पना. २०२३ मध्ये ती बंद पडली.

माझा पहिला आक्षेप इथे आहे. संचालक असताना इन्सेल यांचं म्हणणं होतं, की लक्षणांच्या याद्यांवरून निदान करणं कच्चं आहे. २०१३ मध्ये निदानाची नवी नियमावली येत असताना त्यांनी हे उघड बोलून दाखवलं आणि मेंदूतल्या, जनुकांतल्या खुणांवर आधारलेली वेगळी चौकट पुढे नेली. म्हणणं रास्त होतं. पण त्या खुणा अजून दवाखान्यापर्यंत आलेल्या नाहीत. २०२२ मध्ये स्किझोफ्रेनियाचे सुमारे ७७ हजार रुग्ण आणि त्याहून कितीतरी जास्त निरोगी लोक यांचा डीएनए तपासून जनुकसंचातल्या २८७ जागा सापडल्या. प्रत्येक जागेचा वाटा इवलासा. काम प्रचंड, पण त्यावरून उद्या सकाळी कुणाची गोळी बदलत नाही. मग इन्सेल फोनकडे वळले. त्यांना ते वळण वाटलं असेल. मला ती जुनीच सवय दिसते: जे मोजता येतं ते आधी मोजा, उपयोग मागाहून सापडेल. आम्ही इंजिनियर लोक हे रोज करतो. लॉग आहेत ना, मग डॅशबोर्ड बनवा.

आमच्या अ‍ॅपमध्ये स्कोअर खूप घसरला की एक नोटिफिकेशन जायचं. दीर्घ श्वास घ्या, पाणी प्या, जवळच्या माणसाशी बोला. एका मीटिंगमध्ये मी विचारलं, “याच्यापुढे कोण आहे?” कोणीच नव्हतं. अलार्म होता, पण तो ऐकून उठणारं माणूस आमच्या आराखड्यात नव्हतं.

असा माणूस मी पाहिलेला आहे. ती माझी आजी.

मामा पन्नाशीचा आहे. कराडमध्ये आजीबरोबर राहतो. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असताना त्याला आवाज ऐकू यायला लागले. आधी देवऋषी झाला, मग डॉक्टर झाले, दोन-तीन औषधं झाली, शेवटी क्लोझापीन सुरू झालं. आवाज पूर्ण गेले नाहीत, पण मागे सरकले. ‘बाजूच्या खोलीत टीव्ही लागलाय असं वाटतं,’ असं तो सांगतो. क्लोझापीनमुळे काही जणांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या कमी होतात, म्हणून रक्त तपासत राहावं लागतं. सुरुवातीला दर आठवड्याला आजी त्याला घेऊन लॅबमध्ये जायची.

स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाच्या हिशोबाशेजारी आजी बारीक अक्षरात लिहिते: ‘झोपला’, ‘दाढी नाही’, ‘जेवला’, ‘गिरणी’. गिरणी म्हणजे दर रविवारी मामा डबा घेऊन दळायला जायचा तो फेरा. गिरणीवाले अण्णा त्याला स्टूल द्यायचे. तो तासभर बसायचा, लोकांचे डबे क्रमाने लावायचा, कुणाचं ज्वारी, कुणाचं गहू ते सांगायचा. अण्णा त्याच्याशी फार बोलायचे नाहीत. एवढंच, की तो नाही दिसला तर आजीला विचारायचे.

तीन-चार दिवस दाढी नाही आणि रविवारी गिरणी नाही, असं झालं की आजी डॉक्टरांना आणि माझ्या आईला फोन करते. माझ्या टीमच्या मॉडेलला हे कधीच जमलं नसतं. मामाकडे स्मार्टफोन नाही, हे त्याचं सगळ्यात किरकोळ कारण. खरं कारण हे, की आजीच्या नोंदीपुढे आजी आहे.

तीन वर्षांपूर्वी गिरणी बंद झाली. घरघंट्या आल्या, पिशवीतलं पीठ आलं. कालनिर्णयवरचे रविवार रिकामे राहायला लागले आणि दोन महिन्यांत मामा पुन्हा ॲडमिट झाला. गिरणीमुळेच झाला असं मी म्हणणार नाही. एका घरावरून निष्कर्ष काढायचा नसतो. पण त्या आठवड्यात हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून मी ‘हीलिंग’ दुसऱ्यांदा वाचलं.

या वेळी मला पुस्तकाचा उत्तरार्ध दिसला. इन्सेल म्हणतात, की उपचार उपलब्ध आहेत, पण ते लोकांपर्यंत पोचत नाहीत. आणि आजारी माणूस सावरायला उपचारांखेरीज तीन गोष्टी लागतात: माणसं, जागा आणि जगायला काही हेतू. मला लगेच गिरणीतलं स्टूल आठवलं. तिन्ही गोष्टी त्या एका स्टुलावर होत्या. आयुष्यभर मेंदूत शोधणाऱ्या माणसाने शेवटी इथे यावं, हे या पुस्तकाचं मोठेपण.

तरी दोन अडचणी उरतात.

पहिली त्या बापाच्या रूपकाची. त्याचा राग शंभर टक्के खरा आहे, पण रूपक अर्धंच. क्लोझापीन हेही रंगाचंच रसायन आहे आणि त्याने आमच्या घरातली आग आटोक्यात आणली. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत ‘कोबेन्फी’ या औषधाला मंजुरी मिळाली. १९५०च्या दशकापासूनची स्किझोफ्रेनियाची औषधं मुख्यतः डोपामीनच्या वाटेने काम करत आली. हे वेगळ्या, मस्कॅरिनिक वाटेने जातं. त्यातला झॅनोमेलीन हा घटक १९९०च्या दशकात पोटाच्या त्रासामुळे बाजूला पडला होता. मग त्याच्या जोडीला ट्रॉस्पियम हे मूत्राशयाच्या तक्रारीवरचं जुनं औषध दिलं. ते मेंदूत फारसं शिरत नाही, त्यामुळे बाहेरचा त्रास अडवतं आणि आतलं काम चालू ठेवतं. इतका देखणा पॅच मी कुठल्याही कोडमध्ये पाहिलेला नाही. मात्र मंजुरीमागच्या मुख्य चाचण्या पाच आठवड्यांच्या होत्या, आणि चालू औषधाला जोड म्हणून ते दिलं तेव्हा २०२५ मध्ये आलेल्या निकालात अपेक्षित फरक पडला नाही. तरीही अशा कामाला ‘रंगाचं रसायन’ म्हणून हिणवणं मला जमणार नाही. बापाच्या रागापुढे मान झुकवताना इन्सेल यांनी रूपकही जसंच्या तसं स्वीकारलं, असं मला वाटतं.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. माणसं, जागा, हेतू या गोष्टी पुरवायच्या कोणी? पुस्तक अमेरिकेचं आहे. तिथे प्रश्न बेघरपणाचा आणि तुरुंगांचा, त्यामुळे ‘जागा’ म्हणजे आधी छप्पर. मामाला छप्पर कायमच होतं. आपल्याकडे या तीन गोष्टी बहुतेक वेळा एकच बाई पुरवत असते, पगाराशिवाय, रजेशिवाय. आपण त्याला कुटुंबव्यवस्था म्हणतो आणि कौतुक करून मोकळे होतो. सगळा भार एकाच सर्व्हरवर टाकून ‘आमची सिस्टिम मजबूत आहे’ म्हणण्यासारखं आहे ते.

हे काम कुटुंबाबाहेर नेता येतं का, हेही संशोधनाने तपासलेलं आहे, आणि तेही आमच्या जिल्ह्यात. २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेली चाचणी सातारा, गोवा आणि तामिळनाडूत झाली. स्किझोफ्रेनियाचे २८२ रुग्ण होते. काहींना नेहमीचे उपचार मिळाले. बाकीच्यांना त्याशिवाय प्रशिक्षण घेतलेले स्थानिक कार्यकर्ते वर्षभर घरी जाऊन भेटले: औषधं, घरच्यांशी बोलणं, रोजची कामं, लोकांत मिसळणं. फायदा झाला, पण माफक, आणि तो ठळकपणे दिसला तामिळनाडूच्या ग्रामीण भागात. सर्वत्र सारखा नाही.

निराश करणारा निकाल वाटतो ना? मला तो सगळ्यात आशादायक वाटला. कारण त्यात आजीच्या कामाला काम मानलंय. ते शिकवता येतं, त्याचे पैसे देता येतात, ते कुठे चाललं आणि कुठे नाही हे मोजता येतं. एका ठिकाणी चाललं आणि दुसरीकडे कमी पडलं, तर का, हा प्रश्न २८७ जागांइतकाच शास्त्रीय आहे. ‘हीलिंग’मध्ये एका बाजूला प्रयोगशाळेतलं शास्त्र आणि दुसऱ्या बाजूला माणुसकी, अशी फोड पडल्यासारखी वाटते. मला ती फोड मान्य नाही. आग विझवणं हेही शास्त्रच आहे. त्यावर २० अब्ज खर्च करून अजून कोणी पाहिलेलं नाही.

मी ती नोकरी सोडली. आता बँकांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. त्यात काही त्याग नाही. पगार जास्त आहे.

आजी आता ७९ वर्षांची आहे. “माझ्यानंतर काय?” असं ती विचारते, तेव्हा आई विषय बदलते. मागच्या दिवाळीत मी विषय बदलला नाही. आजीने जुनी कालनिर्णयं ट्रंकेतून काढली आणि कोणत्या खुणेचा अर्थ काय ते मला सांगत बसली. मामा शेजारीच होता. एका तारखेवर बोट ठेवून तो म्हणाला, “हे चूक आहे. त्या दिवशी मी जेवलो होतो.”

आजीने पेन मागितलं आणि दुरुस्ती केली.