झडपेचे कंदील आणि सरकारी कागद

गुप्त मंडळी म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे प्रथम नाशिक उभे राहते. अभिनव भारताच्या शपथा आणि त्या शपथांपायी भोगलेले काळे पाणी यांच्या कथा ऐकतच आपल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या. परसत्तेविरुद्ध घेतलेली शपथ आपल्या मनात पवित्र ठरून गेली आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यामुळे एक अवघड प्रश्न आपल्यापुढे सहसा उभाच राहत नाही. राज्य परक्यांचे नसून लोकांनी निवडून दिलेले असेल, देशात यादवी पेटली असेल, आणि अशा वेळी घरातल्याच काही माणसांनी सरकारविरुद्ध गुप्त शपथा घेतल्या असतील, तर त्यांना काय म्हणावे? याहूनही अवघड प्रश्न असा की, असे काही घडत आहे हे खुद्द सरकारच सांगू लागले, तर त्या सांगण्यावर विश्वास कितपत ठेवावा?

हा प्रश्न आमच्या मनात आला तो दोन इंग्रजी ग्रंथांच्या लागोपाठ वाचनामुळे. एक फ्रँक क्लेमेंट यांचा ‘डार्क लँटर्न्स’ (१९८४) आणि दुसरा स्टीफन टाउन यांचा ‘सर्व्हेलन्स अँड स्पाइज इन द सिव्हिल वॉर’ (२०१५). दोहोंचा विषय एकच: अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१-६५) उत्तरेकडील राज्यांत, म्हणजे लिंकनच्या स्वतःच्या अंगणात, सरकारला विरोध करणाऱ्या गुप्त संस्था. निष्कर्ष मात्र दोन टोकांचे. सरकारी कागदांवर पोट भरणाऱ्या आम्हां मंडळींना या वादात विशेष रस वाटावा असे त्यात पुष्कळ आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम हकीकत थोडक्यात सांगितली पाहिजे. युद्धाच्या आधी जॉर्ज बिकली नावाच्या एका वाचाळ गृहस्थाने ‘नाइट्स ऑफ द गोल्डन सर्कल’ ही संस्था काढली. हवाना हा मध्यबिंदू धरून मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटे कवेत घेणारे गुलामगिरीचे सुवर्णवर्तुळ उभारावयाचे, हे तिचे स्वप्न. पुढे १८६३ मध्ये फिनिअस राइट याने सेंट लुइस येथे ‘ऑर्डर ऑफ अमेरिकन नाइट्स’ स्थापिली, आणि १८६४ च्या आरंभी तिचेच नाव ‘सन्स ऑफ लिबर्टी’ झाले. सर्वोच्च पद देण्यात आले ओहायोचे माजी काँग्रेस-सदस्य क्लेमेंट व्हॅलंडिगॅम यांना. युद्धाविरुद्ध भाषण केल्याबद्दल मे १८६३ मध्ये लष्कराने त्यांना रात्री घरातून उचलले होते आणि लष्करी मंडळाने शिक्षा ठोठावली होती. लिंकनने ती बदलून त्यांना शत्रूच्या हद्दीत हद्दपार केले. तेथून कॅनडात पोहोचून त्यांनी ओहायोच्या गव्हर्नरपदाची निवडणूकही लढविली आणि सपाटून हरले. अशा युद्धविरोधी डेमोक्रॅटांना ‘कॉपरहेड’, म्हणजे एका विषारी सर्पाचे नाव, विरोधकांनी बहाल केले होते.

आता मूळ कागद. ८ ऑक्टोबर १८६४ रोजी लष्कराचे मुख्य न्यायाधिकारी जोसेफ होल्ट यांनी युद्धमंत्री स्टँटन यांना या संस्थांविषयी एक विस्तृत अहवाल सादर केला. अध्यक्षपदाची निवडणूक बरोबर एका महिन्यावर, ८ नोव्हेंबरला होती. अहवाल छापून सर्वत्र वाटला गेला. संस्थेची नावे, रचना, शपथा, खुणेचे शब्द, शस्त्रे आणि उद्दिष्टे असे एकामागून एक भाग त्यात पद्धतशीर मांडलेले आहेत. सभासदांचा आकडा पाच लाखांपर्यंत आणि त्याच्याही पुढे जातो.

क्लेमेंट यांनी आपले आयुष्य या अहवालाची पाळेमुळे खणण्यात घालविले. त्यांचा निष्कर्ष असा: बिकलीची संस्था उत्तरेत नावापुरतीच होती, राइटची संस्था कागदावरच अधिक नांदली, ‘सन्स ऑफ लिबर्टी’ हा एका पराभूत पक्षातील काही उतावळ्यांचा खटाटोप होता. या सावल्यांना देह दिला तो इंडियानाचे गव्हर्नर मॉर्टन, त्यांचे लष्करी साहाय्यक कॅरिंग्टन आणि होल्ट यांनी. हेतू निवडणूक जिंकण्याचा. ग्रंथाच्या नावातील कंदील हा झडपेचा कंदील होय. झडप सरकविली की उजेड बाहेर पडत नाही, आणि धरणारा दिसत नाही. क्लेमेंट यांचे म्हणणे असे की हे कंदील कट करणाऱ्यांच्या हाती जितके होते त्याहून अधिक कट सांगणाऱ्यांच्या हाती होते.

त्यांची पद्धत आम्हाला फार आवडली. अमुक आकडा प्रथम कोणी उच्चारला, कोणी छापला, आणि छापलेलाच पुढे पुरावा म्हणून कोणी उद्धृत केला, याचा माग ते चिकाटीने काढतात. वाचता वाचता रौलट समितीचा १९१८ चा अहवाल आठवल्यावाचून राहत नाही. त्याचे पहिलेच प्रकरण मुंबई इलाख्यावर आहे. दोन देश, दोन प्रसंग आणि दोन्हींतील न्याय-अन्याय अगदी वेगळे. तथापि कागदाची जात एकच: विखुरलेल्या घटनांना एका सूत्रात ओवून त्यांचे ‘कारस्थान’ बनविणारी.

टाउन हे व्यवसायाने अभिलेखपाल. क्लेमेंट यांच्या निष्कर्षावर त्यांचा सरळ आक्षेप आहे. लष्करी कचेऱ्यांतील तारा, पत्रे आणि हेरांचे वृत्तांत यांचे ढीग उपसून ते दाखवितात की गुप्तवार्तेचे हे काम निवडणुकीपूर्वी पुष्कळ आधी सुरू झाले होते, आणि अधिकाऱ्यांचा आपसातील पत्रव्यवहार हा जनतेला भिवविण्यासाठी लिहिलेला नव्हता. त्यांना खरोखरच भीती वाटत होती. आणि भीतीला आधार नव्हता असेही नाही. ऑगस्ट १८६४ मध्ये इंडियानापोलिस येथे हॅरिसन डॉड या संस्थेच्या म्होरक्याच्या छापखान्यात खोक्यांमध्ये दडविलेली शेकडो रिव्हॉल्व्हरे आणि काडतुसे सापडली. त्याच महिन्यात दक्षिणेचा हेर टॉमस हाइन्स हा साठेक माणसे घेऊन कॅनडातून शिकागोत उतरला. तेथील छावणीतील युद्धकैदी सोडवून उठाव करावयाचा असा बेत होता. दक्षिणेचा पैसा या कामी येत होता, हेही नाकारता येत नाही.

मग खरे कोण? आमच्या मते वादाचे उत्तर याच शिकागोच्या प्रसंगात आहे. हाइन्स आला, माणसे आली, दिवस ठरला; आणि ज्या हजारो शपथबद्ध वीरांचे आश्वासन त्याला मिळाले होते ते आलेच नाहीत. म्हणजे संस्था होती, बंदुका होत्या, पैसाही होता. नव्हते ते सैन्य. टाउन संस्थेचे अस्तित्व सिद्ध करतात आणि त्यावरून तिच्या सामर्थ्याकडे जरा लवकर वळतात. क्लेमेंट तिचे सामर्थ्य खोटे ठरवितात आणि त्यावरून तिच्या अस्तित्वावरच पाणी सोडतात. अस्तित्व आणि सामर्थ्य यांतील अंतर दोघांच्याही हातून निसटते.

हे अंतर कसे बुजते, हे या प्रकरणातील एका पात्रावरून उत्तम समजते. फेलिक्स स्टिजर हा सरकारचा हेर. पूर्वी लष्कराच्या कचेरीत लेखनिकाचे काम केलेला. तो संस्थेत शिरला आणि काही आठवड्यांत केंटकी शाखेचा मुख्य सचिव झाला. वाचकहो, क्षणभर थांबून या चित्राकडे पाहावे. राज्य उलथविण्यास निघालेल्या संस्थेचे दप्तर सरकारचाच कारकून सांभाळीत आहे! म्होरके पैसा मिळावा म्हणून दक्षिणेला फुगविलेले आकडे सांगतात. सभासद एकमेकांना तेच सांगून धीर देतात. हेर जे ऐकले ते इमानाने कळवितो. वरचा अधिकारी त्यांची बेरीज करतो. बढाई आणि भीती यांचे हितसंबंध येथे एकच आहेत. दोघींनाही मोठाच आकडा हवा असतो. यात कोणी एकाने खोटे बोलण्याची गरज उरत नाही, आणि क्लेमेंट यांनी होल्ट-मॉर्टन यांना सरसकट लबाड ठरविले आहे ते म्हणूनच आम्हाला पटत नाही.

आमच्या या मताला एक खाजगी आधार आहे. तो सांगणे सुखाचे नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही होतो त्या कचेरीत एका सहकाऱ्याविरुद्ध निनावी अर्ज आला. पहिली टिपणी आमच्याच हातची. तीत आम्ही लिहिले, ‘असे समजते की’. पुढच्या मेजावर त्याचे ‘असे दिसून येते की’ झाले. त्याच्या पुढच्या मेजावर ‘असे आढळून आले आहे’. प्रत्येकाने मागच्याचा परिच्छेद उतरून घेतला आणि भाषा थोडी नीटनेटकी केली, इतकेच. कोणी खोटे लिहिले नाही. त्या गृहस्थाची बदली दूर झाली, बढती राहिली, मुलीची शाळा मध्येच सुटली. दोन वर्षांनी अर्जात तथ्य नसल्याचे एका ओळीत नमूद होऊन फाइल बंद झाली. आमची टिपणी आजही तिच्या तळाशी असेल. होल्टचा अहवाल वाचताना आमचे लक्ष त्याच्या क्रियापदांकडे गेले ते यामुळे. ‘ऐकिवात आहे’पासून ‘निश्चित आहे’पर्यंतचा प्रवास त्यात ठिकठिकाणी असा बिनबोभाट झाला आहे की लेखणी आमच्याच खात्यातली वाटावी.

क्लेमेंट यांच्या ग्रंथात आणखी एक उणीव आहे, आणि ती आम्हाला अधिक गंभीर वाटते. कॉपरहेडांवरील अन्याय दाखविताना त्यांच्या मतांकडे ते फार सौम्य नजरेने पाहतात. हे लोक नागरिक-स्वातंत्र्याची भाषा बोलत; परंतु गुलामांच्या मुक्तीला त्यांचा कडवा विरोध होता, आणि मुक्त झालेले काळे लोक उत्तरेत येतील या भयाचे भांडवल ते करीत. ज्यांच्या पाठीवरचे वळ हे त्या युद्धाचे मूळ, त्या माणसांना या ग्रंथात पुरेसे वजन मिळत नाही. विरोधकाचा हक्क राखणे निराळे आणि त्याच्या मताची भलामण करणे निराळे. टीकाकाराने हा भेद सोडता कामा नये.

हा भेद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र राखला. इंडियानाचे वकील लॅम्बडिन मिलिगन यांना ऑक्टोबर १८६४ मध्ये घरातून अटक झाली आणि लष्करी मंडळाने त्यांच्यासह तिघांना फाशी सुनावली. १९ मे १८६५ ही तारीखही ठरली होती. दरम्यान लिंकनचा खून झाला होता. नवे अध्यक्ष जॉन्सन यांनी फाशी आधी पुढे ढकलली आणि नंतर तिची जन्मठेप केली. १८६६ मध्ये न्यायालयाने सर्व नऊ न्यायाधीशांच्या एकमताने ती शिक्षा बेकायदा ठरविली. मुख्य निकालपत्र लिहिले लिंकनचे जुने स्नेही आणि त्यांनीच नेमलेले न्यायमूर्ती डेव्हिड डेव्हिस यांनी. दिवाणी न्यायालये उघडी असताना आणि त्यांचे काम सुरळीत चालू असताना नागरिकाला लष्करी मंडळापुढे उभे करता येणार नाही, हे त्याचे सार. मिलिगन निर्दोष आहेत असे न्यायालयाने म्हटले नाही. तो प्रश्नच त्याच्यापुढे नव्हता. पुढे मिलिगन यांनी नुकसानभरपाईचा दावा लावला. १८७१ मध्ये ज्यूरीने त्यांना दिले पाच डॉलर! त्या पाच डॉलरांत हक्काला मान आहे आणि माणसाविषयीची नावडही आहे. समाजाचा इतका अचूक अभिप्राय आम्ही क्वचित पाहिला.

तथापि या निकालाचे कौतुक करताना एक गोष्ट विसरू नये. तो युद्ध संपल्यावर लिहिला गेला. तोफा थंडावल्यावर स्वातंत्र्याचे रक्षण करणे तुलनेने सोपे असते. आपल्याकडे २८ एप्रिल १९७६ रोजी, आणीबाणी चालू असतानाच, बंदींच्या हक्काचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे होता. तेव्हा पाचांपैकी एकटे न्यायमूर्ती खन्ना वेगळे उभे राहिले. बहुमतात आपले पुण्याचे न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते; आणि तो निकाल चुकीचा होता असे २०१७ मध्ये लिहिले ते त्यांच्याच पुत्राने, त्याच न्यायालयात. न्याय झाला खरा, परंतु एकेचाळीस वर्षे गेली.

दोन्ही ग्रंथ वाचावेत, आणि एकामागून एक वाचावेत, अशी आमची शिफारस आहे. एकटा टाउन वाचला तर फाइलवर फार विश्वास बसेल. एकटा क्लेमेंट वाचला तर मुळीच बसणार नाही. आपल्यासारख्या मंडळींना दोन्ही परवडण्याजोगे नाही. गावापासून दूर, भाषा निराळी, शेजार अनोळखी, आणि एखाद्या अपरिचित माणसाविषयी चार ओळी लिहून वर पाठविण्याचे काम समोर, हा प्रसंग या पत्राच्या बहुतेक वाचकांवर केव्हातरी येतोच. त्या वेळी आपल्या हातातही एक झडपेचा कंदील असतो. ‘असे समजते’ लिहावयाचे असेल तर तेवढेच लिहावे, कोणाकडून समजते तेही लिहावे, आणि पुढच्या मेजावर ते शब्द तसेच राहतील याची जितकी काळजी घेता येईल तितकी घ्यावी. आम्ही ती एकदा घेतली नाही.