रेड आहे, पण पुरेसं नाही

पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांचा १९८८ चा ‘रेड’वरचा पेपर परवा पुन्हा वाचला. त्यातलं एक गणित आजही दचकवतं: एक डिस्क सरासरी ३०,००० तास टिकत असेल, तर १०० डिस्क जोडल्यावर पहिली सरासरी ३०० तासांतच, म्हणजे दोन आठवड्यांच्या आत, जाणार. त्यावरचा उपाय सुटसुटीत आहे. बिट्सची सम-विषम नोंद, म्हणजे पॅरिटी, जादा ठेवायची. एक डिस्क गेली की उरलेल्यांवरून तिचा डेटा परत काढायचा.

पण कोणती डिस्क गेली हे कंट्रोलरला कळतं, असं लेखक धरून चालतात. डिस्कने गुपचूप चुकीचा डेटा दिला तर? रेड ५ मध्ये साधं वाचन करताना पॅरिटी बघितलीच जात नाही. बघितली तरी काहीतरी चुकलंय एवढंच कळतं, कोणत्या डिस्कचं ते नाही. २००८ साली छापलेल्या एका अभ्यासात १५.३ लाख डिस्क ४१ महिने पाहिल्या. चेकसम, म्हणजे डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा, न जुळल्याच्या ४ लाखांहून जास्त घटना निघाल्या.

पेपर थोरच आहे. पण ‘रेड आहे ना!’ म्हणून निर्धास्त राहणं ही आपली चूक. थीसिसच्या डेटाचे चेकसम मी आता वेगळे जपून ठेवते.